चुकांची नोंद ठेवणाराच चुकला तर?

प्रयोगवहीत न जुळणारे निरीक्षण तुम्ही किती वेळा खोडले आहे, खरे सांगा! तेल्हाऱ्याला महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवतो. ओहमच्या नियमाचा आलेख विद्यार्थ्यांच्या वहीत नेहमी सरळ रेषेत येतो. इतका सरळ, की संशय यावा. या सवयीबद्दल मला काय वाटते, ते संगणकातल्या एका चुकीवरून सांगतो.

संगणकाच्या स्मृतीत अब्जावधी अतिसूक्ष्म विद्युतधारित्रे असतात. विश्वकिरणांमुळे निर्माण झालेला एखादा कण तेथे आदळला तर १ चा ० होऊ शकतो. मोठ्या संगणकांत जादा अंक ठेवून असा एक बिघाड जागीच दुरुस्त करतात. दोन अंक एकदम बिघडले, तर चूक कळते पण दुरुस्त होत नाही. मग प्रक्रियक धोक्याची सूचना देतो. ती ऐकून बिघाडाचा पत्ता टिपणे आणि स्मृतीचे ते पान वापरातून काढणे, हे कर्नेलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे काम.

लिनक्सचा कर्नेल आजच्या 'परम' महासंगणकांत असतो, तसा खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही. मोठ्या संगणकावर अशी सूचना येते तेव्हा कर्नेल कधी कधी स्वतःच्याच कामात गुंतलेला असतो. म्हणून तो 'हातातले संपले की हे पान बाद कर' अशी चिठ्ठी लिहून कामांच्या यादीत सर्वांत पुढे लावतो. प्रत्येक चिठ्ठीवर तिच्या पुढच्या चिठ्ठीचा पत्ता असतो. आता समजा, चिठ्ठीची पाळी येण्यापूर्वीच कर्नेलने तीच बिघडलेली जागा पुन्हा वाचली. पुन्हा सूचना आली, तीच चिठ्ठी पुन्हा यादीच्या अग्रभागी लागली. तिच्यावर 'पुढची चिठ्ठी' म्हणून पत्ता कोणाचा पडेल? आधी पहिली होती तिचा. म्हणजे तिचा स्वतःचाच! मग यादी वाचणारा त्याच चिठ्ठीभोवती फिरत राहणार, घाण्याच्या बैलासारखा.

ही चूक २०२१ मध्ये दुरुस्त झाली, आणि उपाय किती साधा: मोजणे. पहिल्या सूचनेलाच चिठ्ठी लावायची. पुढच्या सूचना त्याच पानाच्या आहेत ना, एवढे पाहायचे. पान वेगळे निघाले तर यंत्र थांबवायचे. वाईटात वाईट म्हणजे चार सूचना याव्यात असा अंदाज होता. तरी १० च्या वर गेल्या तर यंत्र थांबवायचेच.

अशा चुका लपून राहतात, कारण हा भाग निरोगी यंत्रात कधी चालतच नाही. म्हणूनच तो तपासण्यासाठी अभियंते मुद्दाम खोटा बिघाड घडवतात.

आणि आपण? आपण विद्यार्थ्यांच्या हाती नीट चालणारी उपकरणे देतो, उत्तरही आधीच सांगून ठेवतो. बिघडल्यावर काय करायचे, याचा सराव त्यांना मिळतच नाही. शिक्षकांना माझी सूचना आहे, की वर्षातून एक प्रयोग मुद्दाम बिघडवून द्यावा. वरून शाबूत पण आत तुटलेली तार, शून्यावर न थांबणारा ॲमीटर, उतरलेला सेल, काहीही चालेल. गुण द्यावेत ते दोष शोधून प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल. आलेख वाकडा आला तरी.

एका शिक्षकमित्राने विचारले, तीस मुले आणि तीन ॲमीटर, त्यात हे कुठे बसवू? वेळेची अडचण खरी आहे. पण बिघडलेल्या उपकरणांची टंचाई मी तरी कोणत्या प्रयोगशाळेत पाहिलेली नाही.

यंदा आमच्याकडे एका टेबलावर असा प्रयोग मांडणार आहे. कोणत्या, ते मात्र माझ्या विद्यार्थ्यांनी विचारू नये.