नाळेत उतरण्याआधी जीपीएस लावा: ट्रेकर आणि ट्रेक आयोजकांना जाहीर आवाहन

पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटवाटांवर गर्दी वाढते आणि वाट चुकण्याचे प्रसंगही वाढतात. मदतीचा फोन लागलाच, तर पलीकडून पहिला प्रश्न येतो, "नक्की कुठे आहात?" अनेक जण त्या क्षणी पहिल्यांदा जीपीएस चालू करतात, आणि नेमक्या तेव्हाच ते दगा देतं. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे: दरीत, नाळेत किंवा दाट रानात शिरण्याआधी, रेंज असतानाच, उघड्या पठारावर पाच मिनिटं थांबा आणि तिथेच आपलं स्थान पक्कं करून घ्या.

यामागचं कारण साधं आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत, त्यामुळे त्यांचा संदेश जमिनीपर्यंत अगदी क्षीण होऊन पोचतो. स्थान ठरवायला असे निदान चार उपग्रह लागतात. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी नव्याने पाठवतो आणि तो फोनला सलग मिळावा लागतो. रेंज असेल तर फोन हाच तपशील इंटरनेटवरून चटकन घेतो आणि पुढचे काही तास तो उपयोगी पडतो. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत मात्र आभाळाची पट्टीच तेवढी दिसते. कड्यावर आपटून आलेला संदेश लांबचा फेरा घेऊन पोचतो आणि स्थान काही मीटरच काय, दहा-वीस मीटर किंवा त्याहूनही जास्त सरकतं. सपाटीवर एवढी चूक चालून जाते. घाटात तेवढ्यात मधला दांड ओलांडून शेजारची नाळ येते.

कुणी म्हणेल, आमचा फोन नवा आहे, त्यात दोन फ्रिक्वेन्सी आहेत, भारताची उपग्रह दिशादर्शन प्रणाली 'नाविक'सुद्धा आहे. त्याचा फायदा होतोच, पण कातळाच्या आरपार कोणताच उपग्रह दिसत नाही. बॅटरी संपेल ही भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे स्क्रीन बंद ठेवणं आणि पॉवर बँक बाळगणं. बॅटरी सेव्हर लावू नका, कारण बऱ्याच फोनमध्ये त्याने स्क्रीन बंद होताच लोकेशनही थांबतं. गावातला वाटाड्या सोबत असला की पुरे, असंही म्हटलं जातं. वाटाड्या घ्यायलाच हवा. पण तोच जखमी झाला किंवा गट फुटला, तर फोनवर सांगायला आकडेच हाताशी हवेत.

तेव्हा फोन खिशातून बाहेर काढा, कारण पाण्याने भरलेलं आपलं शरीरही संदेश अडवतं. सेटिंगमध्ये अचूक स्थान चालू आहे ना, ते पाहा. नकाशा आधीच उतरवून ठेवा. उघड्यावर स्थिर उभे राहा आणि निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ आक्रसेपर्यंत धीर धरा. मग अक्षांश-रेखांश लिहून घ्या आणि घरच्यांना पाठवा. आडवाटेला अडकलात, तर धोका नसेल तिथे आभाळ मोकळं दिसेल अशा जागी येऊन पुन्हा स्थान घ्या आणि ११२ वर कळवा. आयोजकांनी ही पाच मिनिटं ट्रेकच्या वेळापत्रकातच धरावीत. शोधायला येणारी माणसंही त्याच निसरड्या कड्यांवर जीव धोक्यात घालतात. त्यांना योग्य नाळेत बोलावणं ही आपली जबाबदारी आहे.