कापड घरचं, दोर विकतचा

मंडळी, यावेळी जरा वेगळा विषय. आमचा पुण्याचा नातू सुट्टी मिळाली की सह्याद्रीत भटकतो. रात्री दोन झाडांमध्ये टांगून झोपायला हॅमॉक विकत घ्यावा की घरी शिवावा, यावरून घरात दोन तट पडले आहेत. सूनबाई म्हणतात विकत घ्या, सौ. म्हणते माझ्या जुन्या लुगड्याचा शिवा. माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहितो.

कोलंबसाला १४९२ साली कॅरिबियन बेटांवर लोक सुती जाळ्यांत झोपलेले दिसले. तिथल्या ‘हमाका’ या शब्दाचा पुढे हॅमॉक झाला. आपल्याकडे मात्र त्याला झोळी म्हणतात, आणि ती आपल्याला नवी नाही. जालना, बीड भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या बाया आजही फडाच्या कडेला झाड पाहून लुगड्याची झोळी बांधतात. ती हौस नसते. हातात कोयता असताना तान्ह्या लेकराला विंचूकाट्यापासून वर ठेवायची ती सोय असते. लेकरू आत ठेवण्याआधी आई झोळी हाताने खाली ओढून पाहते. घरचं की विकतचं, या वादातला खरा मुद्दा मला त्या ओढून पाहण्यात दिसतो.

माझं मत असं, की कापड घरी शिवावं आणि दोर विकत घ्यावा.

कापडात अवघड काही नाही. साधारण तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तुकडा घ्यायचा, परकराला असतो तसा दोन्ही टोकांना नेफा शिवायचा आणि त्यातून दोर ओवायचा. अंगणात झोपायचं तर मांजरपाट उत्तम. डोंगरात मात्र सुती कापड दवाने जड होतं, लवकर वाळत नाही. तिथे नायलॉनचं बरं. (सौ.ने हे वाक्य वाचू नये.) कापड विरलं तर उजेडात धरताच दिसतं, उसवलं तर सुई-दोरा घरात असतोच.

दोराचं तसं नाही. सुती किंवा तागाचा दोर ओलीत राहिला की आतून कुजतो. उन्हात पडून राहिलेला नायलॉनचा दोर वरून धडधाकट दिसला तरी कमजोर झालेला असू शकतो. शिवाय भाराचा हिशेब फसवा आहे. मी भाषेचा मास्तर, पण हे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. ७० किलोचा माणूस झोपला तर दोन दोरांवर ३५-३५ किलो ताण येईल, असं आपल्याला वाटतं. पण दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक दोरावर पुरा ७० किलोंचा ताण येतो, आणि तोच दोर ताणून १० अंशांवर आणला तर सुमारे २०० किलोंचा! म्हणजे झोळी जितकी ताठ, तितका धोका जास्त. कंपासपेटीतला ३०-६० अंशांचा गुण्या डोळ्यांपुढे ठेवा आणि तेवढी ढील द्या. म्हणूनच किती भार पेलतो हे छापलेला दोर दुकानातून आणावा. त्यासोबत झाडाला गुंडाळायचे रुंद पट्टे घेतले तर झाडाची सालही सोलत नाही.

विकतची झोळी हलकी असते, काहींना मच्छरदाणीही असते. ज्याला शिवायला वेळ नाही त्याने खुशाल घ्यावी. पण तिच्यावर छापलेला वजनाचा आकडा झाडाला वाचता येत नाही. शेवगा ठिसूळ, त्याला बांधू नये. निंब पाहावा, तोही वाळका नको. झोळी खुर्चीच्या उंचीपेक्षा वर टांगू नये, म्हणजे पडलोच तर थोडक्यात निभावतं.

पैसे वाचतात म्हणून घरी करा, असं मी म्हणणार नाही. स्वतः शिवणाऱ्याला आपल्या वस्तूचं दुबळं ठिकाण माहीत असतं, हा त्यातला मोठा लाभ. विकत घेणारा त्या आकड्यावर विसंबून निर्धास्त झोपतो. तेव्हा वस्तू कुठलीही आणा, पण निरगाठ कोणती आणि सुरगाठ कोणती एवढं हाताला ठाऊक असू द्या. आणि अंग टाकण्याआधी एकदा ओढून पाहा.