बापूंच्या वस्तूंची यादी खुली करा

प्रति,
मा. सचिव, सांस्कृतिक मंत्रालय, भारत सरकार
मा. अध्यक्ष, सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठान
मा. जिल्हाधिकारी, वर्धा

विषय : आश्रमातील वस्तूंची छायाचित्रांसह नोंद सर्वांसाठी खुली करण्याबाबत



पत्राची सुरुवात क्रिकेटच्या जर्सीने करतो, राग मानू नये. आमच्या वर्ध्याचा एखादा पोट्टा भारतीय संघाची जर्सी ऑनलाइन घ्यायला बसला, की विकणाऱ्याकडे आधी गळ्यामागच्या लेबलाचा फोटो मागतो. आतली शिलाई दाखव म्हणतो, माल परत घेणार का ते विचारतो. समोरच्याने ‘अ‍ॅप सोड, पैसे थेट माझ्या नंबरवर टाक’ म्हटले, की तिथूनच काढता पाय घेतो. हजार रुपयांच्या कापडासाठी एवढी पारख! आणि बापूंच्या नावाने न्यूयॉर्क-ब्रिस्टलला कोटींची बोली लागते, तेव्हा जगाला मिळते ती बहुतेक वेळा एक कौटुंबिक हकीकत. ताडून पाहायला काही हवे ना! ते साधन तुमच्या ताब्यात आहे, म्हणून हे पत्र.

जर्सीच्या लिलावात ताडून पाहणे कुठवर गेले आहे, ते बघा. 22 जून 1986 रोजी मेक्सिकोत मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध ‘देवाचा हात’वाला गोल केला. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने त्याच्याशी जर्सी बदलून घेतली. ती पुढे कितीतरी वर्षे इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात होती आणि 2022 मध्ये सदबीज या लिलावगृहाने ऑनलाइन लिलावात काढली. लगेच मॅराडोनाच्या मुलीने हरकत घेतली: ही पूर्वार्धातली, गोल केला त्या वेळची नव्हेच. वाद मिटवायला सदबीजने काय केले? सामन्याची छायाचित्रे आणि जर्सी शेजारी ठेवून बिल्ला, पट्टे, आकड्यांची ठेवण असे इंच इंच जुळवून घेतले. ते जुळले, याचे कारण गमतीचे आहे. उन्हात जाड जर्सी नको म्हणून अर्जेंटिनाच्या लोकांनी हलक्या निळ्या जर्सी ऐनवेळी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून आणल्या होत्या आणि बिल्ले-आकडे घाईघाईत शिवून घेतले होते. त्यामुळे प्रत्येकीची शिवण वेगळी पडली. दुकानातून आणलेली ती जर्सी 71 लाख पौंडांवर गेली.

आता बापूंच्या वस्तूंकडे वळू. मार्च 2009 मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा चष्मा, चपला, खिशातले घड्याळ, वाटी आणि ताट लिलावात आले. नवजीवन ट्रस्ट दिल्ली उच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने मनाई केली, तरी न्यूयॉर्कचा लिलाव झालाच. आयपीएलच्या बंगळुरू संघाचे तेव्हाचे मालक विजय मल्ल्या यांनी सगळे मिळून 18 लाख डॉलरला घेतले. एप्रिल 2012 मध्ये इंग्लंडमध्ये आणखी एक चष्मा 34 हजार पौंडांना गेला. त्याच लिलावात बापूंची हत्या झाली त्या जागेची म्हणून चिमूटभर मातीही विकली गेली. ऑगस्ट 2020 मध्ये तर ब्रिस्टलजवळच्या लिलावगृहाच्या टपालपेटीत कोणीतरी पाकिटात घालून चष्मा टाकून गेले. विकणाऱ्याच्या काकांना दक्षिण आफ्रिकेत नोकरीला असताना तो मिळाला, ही घरात चालत आलेली गोष्ट. पंधरा हजारांचा अंदाज होता, गेला 2 लाख 60 हजार पौंडांना.

यातला कुठलाही चष्मा खोटा होता, असे माझे म्हणणे नाही. बापू वस्तू सहज देऊन टाकत. जगात त्यांचे चार-पाच चष्मे असतील तर नवल नाही. पण गोल काचांचा, तारेच्या काड्यांचा जुना चष्मा त्या काळी हजारोंच्या नाकावर होता. त्यातला बापूंचा कोणता, हे सांगायला दांडीचा बाक, बिजागरीचा झिजलेला खिळा, काचेवरचा ओरखडा यांचीच नोंद लागते.

आणि आता आपल्या दारातली गोष्ट. आश्रमाच्या 75 व्या वर्षात, जून 2011 मध्ये बातमी फुटली, की सेवाग्राममधला बापूंचा चष्मा चोरीला गेला आहे. तो महिनोन्‌महिने जागेवर नव्हता आणि पोलिसांत तक्रार मात्र उशिरा झाली. तेव्हा कोण चुकले, यावर पुष्कळ लिहून झाले. ते उकरण्यात मला रस नाही. मला काळजी आहे ती उद्याची. उद्या कुठल्याशा संकेतस्थळावर ‘सेवाग्रामचा चष्मा’ म्हणून बोली सुरू झाली, तर घेणाऱ्याने कशाशी ताडून पाहायचे?

कायद्याच्या भरवशावर राहता येत नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यात वस्तू शंभर वर्षांची असावी लागते. हस्तलिखितांना 75 वर्षे पुरतात. बापू सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, आले 30 एप्रिल 1936 रोजी. इथल्या वास्तव्यात घडवलेली काठी, चरखा, चपला 2036 च्या आधी या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे निर्यातबंदीची भिंत ज्या वस्तूंना सर्वांत जास्त हवी, त्यांनाच ती अजून लाभलेली नाही. मंत्रालयाने या फटीकडे आजच पाहावे. दुरुस्ती होईपर्यंत नोंद हाच खरा अडसर.

काम अवघड नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, चारी बाजूंनी आणि जवळून छायाचित्र काढावे, मोजमाप, वजन, डाग, डागडुजी लिहावी आणि हे सगळे कोणालाही पाहता येईल असे ठेवावे. संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची संगणक प्रणाली पुण्याच्या सी-डॅकनेच बनवली आहे. हरवलेल्या वस्तूची माहिती सीबीआयमार्फत इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत घालता येते, पण तिथेही पहिला प्रश्न छायाचित्राचाच असतो.

यादी उघड केली तर चोरांना आमंत्रण, असे कोणी म्हणेल. अहो, बापूकुटीत काय आहे ते रोज येणारे यात्रेकरू पाहतातच. चोराची अडचण उचलण्यात नसते, खपवण्यात असते. जगभर ओळखीचा फोटो झाला, की गिऱ्हाईक हात लावत नाही. दुसरा आक्षेप अपरिग्रहाचा: बापूंना वस्तूंचा मोह नव्हता, मग आपण का धरून बसायचे? मोह नव्हता, पण हिशेब होता. आश्रमात पै-पैची वही लिहिली जाई. वस्तूंचा हिशेब लिहिणे हे आश्रमाच्या शिस्तीतच बसते.

एक मागणी जाता जाता. चरख्याच्या, तीन माकडांच्या, चष्म्याच्या प्रतिकृती लोक हौसेने घेतात, खुशाल घ्याव्यात. फक्त त्यावर ‘प्रतिकृती’ ही अक्षरे पुसता येणार नाहीत अशी कोरलेली असावीत. आजची शोभेची वस्तू पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी काकांची आठवण म्हणून बोलीला उभी राहू नये.

2036 ची वाट पाहू नका. येत्या 2 ऑक्टोबरला पहिल्या पन्नास वस्तूंची छायाचित्रे खुली करा. कॅमेरा धरायला आणि वह्या लिहायला वर्ध्याच्या कॉलेजांतली मुले येतील, त्यांना बोलवा.

आपला,
सेवाग्रामचा एक रहिवासी