तेलाचे राज्य आणि कराचे राज्य

नायजेरियाचा विषय निघाला की आपला सुशिक्षित वर्ग 'टोळ्यांच्या देशात लोकशाही कशी रुजावी?' असे विचारून मोकळा होतो. आपल्या जातींचा त्याला त्या वेळी सोयीस्कर विसर पडतो! नायजेरिया 1960 मध्ये स्वतंत्र झाला. महाराष्ट्र राज्यही त्याच वर्षीचे. तेथे 1966 मध्ये लष्कर आले, पाठोपाठ बियाफ्राचे यादवी युद्ध झाले. परंतु खरा घात पुढे तेलाने केला. खजिना तेलाच्या उत्पन्नावर भरू लागल्यावर भुईमूग व कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्याची राज्यकर्त्यांना गरज काय उरली? तेल निघणाऱ्या ओगोनी प्रदेशातील लेखक केन सारो-विवा यांनी जाब विचारला, तेव्हा 1995 मध्ये लष्करी राजवटीने त्यांना फासावर चढवले.

आमच्या तासगाव तालुक्यात तेल नाही. (पाणीही बेताचेच.) साठीच्या दशकात वि. स. पागे यांनी येथेच, विसापूरच्या परिसरात, रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळानंतर या योजनेसाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला आणि 1977 च्या कायद्याने काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. शहरातला पगार आणि खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी यांचे नाते कायद्याने बांधले गेले. म्हणूनच ती तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ शकली. व्यवसाय कराच्या कपातीवर कुरकुरणारे आणि हमीच्या मजुरांना 'फुकटे' म्हणणारे पगारदार हे नातेच तोडू पाहत आहेत. उन्हात खडी फोडून घेतलेली मजुरी फुकटची कशी, हे त्यांनी एकदा सांगावे.