‘गाव आसा मा!’ एवढ्यानं भागत नाही

मालवणच्या किनाऱ्यावर मानसिक आरोग्याचा विषय काढला की एक उत्तर हमखास येतं : ‘आमच्याकडे गाव आसा मा! समुपदेशक कित्याक होयो?’ बोलणारा मनापासून बोलत असतो. आजारपणात शेजारी धावून येतो, मयत झालं की वाडी जमते, रापण ओढायला माणसं आपणहून दोराला हात लावतात. अशा गावात मन मोकळं करायला पगारी माणूस कशाला, असा त्याचा सवाल असतो. त्याला जोडून आणखी दोन समजुती येतात. कोकणी माणूस थोडक्यात समाधान मानणारा, तो खचत नाही, ही एक. हाताला काम मिळालं, कर्ज फिटलं की मन आपोआप थाऱ्यावर येतं, ही दुसरी.

या तिन्ही समजुती आपल्या माणसांच्या आहेत, प्रेमातून आलेल्या आहेत. पण करोनाच्या दोन वर्षांत त्यांची कठोर परीक्षा झाली आणि तिचा निकाल आपण अजून नीट वाचलेला नाही.

आधी गावाचं पाहू. २५ मार्च २०२० रोजी देशात टाळेबंदी सुरू झाली. मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत अडकलेल्या चाकरमान्याच्या मनात एकच विचार होता, गावाक जायचं. मिळेल त्या वाहनानं, परवान्यासाठी दिवस दिवस थांबून तो आला आणि त्याचा मुक्काम पडला शाळेच्या वर्गात, चौदा दिवस. जेवणाचा डबा लांब ठेवला जायचा. ओळखीची माणसं रस्ता बदलायची. त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती. कोकणात येणाऱ्यांना १२ ऑगस्टपर्यंत गाव गाठून दहा दिवस विलगीकरणात राहायचं होतं. ज्यानं आयुष्यात एकही चतुर्थी चुकवली नाही, तो स्वतःच्या घरच्या गणपतीसाठी दिवस मोजत बसला.

मी गावाला दोष देत नाही. घरोघरी म्हातारी माणसं होती, मोठं रुग्णालय लांब होतं, भीती खरी होती. गावकऱ्यानं दार लावलं ते आपल्या आईवडिलांना वाचवण्यासाठी. तरीही दाराच्या दोन्ही बाजूंना जखम झालीच. बाहेरच्याला परकेपण लागलं आणि आतल्याला आपण भावाला दारातून परत पाठवलं ही बोच लागली. ‘मुंबईकार’ आणि ‘गाववाले’ यांच्यात तेव्हा पडलेली तेढ काही घरांत अजून बोलून मिटलेली नाही.

गावाकडे मन हलकं करण्याच्या ज्या वाटा होत्या, त्या एकेक करून बंद झाल्या. राज्यातली देवळं १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत बंद होती. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला उघडली. मार्च २०२१ ची आंगणेवाडीची जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरतीच झाली. दशावताराचे पेटारे उघडले नाहीत. गाऱ्हाण्याची रीत पाहा. एकजण देवापुढं गावाचं दुःख मोठ्यानं मांडतो आणि जमलेले ‘होय म्हाराजा’ म्हणून त्याला साथ देतात. दुःख बोलून दाखवायचं आणि ते चारचौघांनी आपलं मानायचं, याहून चांगली शिकवण कुठली? पण साथ द्यायला माणसं जमायला हवीत, आणि जमणं हेच तेव्हा धोक्याचं ठरलं होतं.

सर्वांत खोल घाव मरणानं घातला. करोनानं गेलेल्याचा देह घरी आला नाही. खांदा देता आला नाही, शेवटचं तोंड पाहता आलं नाही. दहाव्या-बाराव्याला भावकी जमली नाही. हे विधी गेलेल्यासाठी असतात तसेच मागं राहिलेल्यासाठीही असतात. त्यांच्याविना माणसाचं रडणं अडून राहतं. म्हणून ‘गाव आसा मा’ या वाक्याला माझं उत्तर असं आहे : गाव हा मोठा आधार आहे, पण साथीचा रोग नेमका त्याच आधारावर घाव घालतो. माणसांनी एकत्र येण्यावर उभी असलेली व्यवस्था, माणसांनी लांब राहण्याच्या काळात पुरी पडत नाही.

आता दुसरी समजूत. कोकणी माणूस खचत नाही याचा पुरावा म्हणून सांगितलं जातं की इथं शेतकरी आत्महत्या करत नाहीत. पण दुःख मोजायला सरकारी तक्त्यातला एक रकाना पुरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात २०२० साली १,५३,०५२ आणि २०२१ साली १,६४,०३३ माणसांनी आत्महत्या केली. दोन्ही वर्षी सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली. २०२१ च्या आकड्यात ४२,००४ माणसं रोजंदारीवर जगणारी होती. यातली प्रत्येक आत्महत्या साथीमुळे झाली असं कुणी म्हणणार नाही. पण रोजच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाचं मन किती अरुंद कडेवर उभं असतं, हे या आकड्यांतून दिसतं. किनाऱ्यावरचा खलाशी, पाटी घेऊन मासे विकणारी बाई, पर्यटकांची होडी चालवणारा तरुण हे सगळे त्याच माणसाचे भाऊबंद आहेत.

इथला माणूस ‘नैराश्य’ हा शब्द वापरत नाही, हे खरं. तो म्हणतो, ‘छातीत धडधडता’, ‘झोप येणा नाय’, ‘खाल्लेला गोड लागणा नाय’, ‘माका काय सुचणा नाय’. तो डॉक्टरकडे जातो आणि ‘एक सलाईन लावा’ म्हणतो. शब्द वेगळे असले तरी दुखणं तेच आहे. ते नावानिशी का सांगितलं जात नाही, याचं कारण समाधानात शोधू नये. कुणी जरा वेगळं वागलं की ‘ह्येका रत्नागिरीक धाडूक होयो’ असं हसत म्हणणारे आपणच आहोत. रत्नागिरीचं मनोरुग्णालय हे उपचाराचं ठिकाण आहे. आपण त्याच्या गावाचं नाव शिवीसारखं वापरलं आणि मदतीच्या वाटेवर स्वतःच काटे पसरले.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’नं २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. हेच प्रमाण इथं लावून पाहा. रापणीच्या दोराला चाळीस माणसं असली तर त्यातली चार आजारी, आणि त्या चारांतल्या एकाला उपचार मिळाले तर मिळाले. हा हिशेब साथीच्या आधीचा आहे. साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य यांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं पुढं २०२२ साली सांगितलं.

तिसरी समजूत सर्वांत बळकट आहे, आणि तिच्यातलं सत्य मी आधी मान्य करतो. मालवणच्या मच्छीमारावर संकटांची रांगच लागली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ वादळानं ऐन हंगाम घालवला. सावरतोय तोवर टाळेबंदी आली, मासळीचा बाजार आणि वाहतूक थांबली. पर्यटनाचे एप्रिल-मे कोरडे गेले, एकदा २०२० साली आणि पुन्हा २०२१ साली. होडीसाठी, न्याहारी-निवासासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते ऑगस्ट २०२० पर्यंत पुढं ढकलता आले, पण व्याज चढतच राहिलं. मग १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि उरलंसुरलं घेऊन गेलं. अशा माणसाला भरपाईऐवजी चार धीराचे शब्द देणं ही फसवणूक आहे. मानसिक आधाराची बाजू घेणाऱ्यानं हे सर्वांत आधी सांगितलं पाहिजे. मानसिक प्रथमोपचारावरची जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिकाही तेच सांगते : आधी माणसाची गरज पाहा, मग त्याचं ऐका, मग त्याला योग्य मदतीशी जोडून द्या.

पण पोट भरलं की मन आपोआप बरं होतं, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. भरपाईसाठी पंचनामा करून घ्यावा लागतो, कागद जमवावे लागतात, बँकेत खेपा घालाव्या लागतात, फाटलेली जाळी घेऊन बसावं लागतं. जो माणूस रात्र रात्र जागा आहे, अंथरुणातून उठायचं ज्याला ओझं वाटतं, त्याच्याकडून यातलं काय होणार? मदतीचा पैसा घरी यायलाही मनाला उभारी लागते. शिवाय ज्यांचं नुकसान पैशात मोजता येत नाही त्यांचं काय? नवरा गमावलेली बाई आहे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या करोनाकाळातल्या मोहिमेत घरोघरी फिरलेली आणि काही दारांतून हाकललेली आशाताई आहे. कुठल्याही अनुदानानं त्यांचा हिशेब मिटत नाही.

मग उपाय काय? ‘डॉक्टरच नाहीत तर बोलून उपयोग काय,’ हा शेवटचा आक्षेप इथं येतो. त्याचं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात आहे. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांना त्यात घेतलं. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत एका समुपदेशकाच्या भेटी मिळाल्या. हा समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हता, स्थानिक समाजातून निवडून शिकवलेला साधा माणूस होता. अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ भेटी, आणि त्यांत रोजची लहान लहान कामं पुन्हा सुरू करायला मदत. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

या प्रयोगात मला ‘गाव आसा मा’ या वाक्याचाच उरलेला अर्धा भाग सापडतो. माणूस गावातलाच, पण शिकवलेला. शिकवण्यानं काय फरक पडतो? पहिला फरक गुप्ततेचा. शेजाऱ्याला सांगितलेलं दुःख संध्याकाळपर्यंत तिठ्यावर पोहोचतं, म्हणून माणूस शेजाऱ्यापाशी बोलत नाही. शिकवलेला माणूस ऐकलेलं पोटात ठेवतो. दुसरा फरक ऐकण्याचा. ‘मन घट्ट कर’ असं सांगून तो विषय मिटवत नाही. आणि तिसरा, स्वतःची मर्यादा ओळखण्याचा. साधं दुःख कुठलं आणि आजार कुठला हे तो पारखतो, आणि आजार असेल तर वेळेवर डॉक्टरकडे नेतो. प्रत्येक दुःखाला आजार ठरवावं असं मी म्हणत नाही. ती पारख करणारं कुणीतरी गावात असावं, एवढंच म्हणतो.

फोनवरून मानसिक आधार देणारी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलता येतं. ती वापरायलाच हवी. पण ‘तौक्ते’नंतरचे दिवस आठवा. विजेचे खांब आडवे झाले होते, मोबाइल मुके झाले होते, आणि त्याच वेळी करोनाची दुसरी लाट चालू होती. ज्या रात्री आधाराची सर्वांत जास्त गरज होती, त्या रात्री फोन लागत नव्हता. अशा रात्री चालत येऊ शकेल असा माणूस वाडीतच लागतो.

तो तयार करणं अशक्य नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, तेव्हा ही याचना नव्हे, हक्काची मागणी आहे. जिल्हा प्रशासनानं प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रामागं किमान दोन स्थानिक माणसं निवडावीत, त्यांना शिकवावं आणि मानधन द्यावं. आशाताईंच्या डोक्यावर हे काम फुकट लादू नये. मच्छीमार सहकारी संस्थांनी, महिला बचतगटांनी आपल्यातली नावं सुचवावीत. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात होडी, तांदूळ आणि ताडपत्रीबरोबर या माणसांचीही नोंद असावी. वादळानंतर पंचनाम्याला तलाठी येतो, तेव्हा त्याच्या मागोमाग ही माणसंही घरी यावीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. शाळेच्या वर्गात मोजलेले दिवस आणि न दिलेला खांदा मात्र अजून अनेकांच्या मनात तसाच आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या आणि तो जिल्हा परिषदेपर्यंत न्या. आणि आज तुमच्या घरात कुणाला झोप लागत नसेल, तर त्याला मन घट्ट करायला सांगू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचं ऐका आणि १४४१६ हा क्रमांक लावून फोन त्याच्या हातात द्या.