सोऱ्याविना सकिनालू

पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडली आणि आदिलाबादेत शिरलं, की फरसाणाच्या छोट्या दुकानांत सकिनालू दिसू लागतात: पांढुरकी, तीन-चार वेढ्यांची, तिळाचे ठिपके असलेली कडी. आपल्याकडचा माणूस चकली समजून उचलतो आणि पहिल्याच घासाला चक्रावतो. चकलीला भाजणी लागते, सोऱ्या लागतो. इथे दोन्हींची गरज नाही. तांदूळ रात्रभर भिजवायचा, निथळून ओलसर असतानाच दळायचा. त्या पिठात भरपूर तीळ, ओवा, मीठ आणि पाणी, बस्स. खरी कसोटी पुढे. सुती कापड अंथरून बायका बसतात आणि चिमटीतून पीठ सोडत, बोटांनीच पीळ देत वेढ्याबाहेर वेढा घालतात. सवयीचा हात नसेल तर धार मध्येच तुटते. कापड जादा पाणी शोषून घेतं. इथे घाई केली तर सकिनालू कढईत फुटतात आणि तेल अंगावर उडतं. जरा सुकले की अलगद उचलून मध्यम आचेवर तळायचे, लाल होऊ द्यायचे नाहीत. तेलंगणात संक्रांतीला घरोघरी हाच उद्योग, लेकीच्या सासरीही डबे भरून जातात. दुकानदारांनी तो सणापुरता ठेवला नाही, एवढंच. माझ्या मते चहाबरोबर सकिनालू चकलीला भारी पडतात. घेताना वेढे थोडे वेडेवाकडे असलेलेच निवडा, आणि हाताच्या या कामाला घासाघीस तेवढी करू नका.