नाव आपले, तर चावीही आपल्याच हाती हवी

गेल्या पौर्णिमेला आम्ही मिरजोळ्याच्या बौद्धवाडीत गेलो होतो. विहारात वंदना झाली, चहा झाला आणि बचत गटाच्या भगिनी भिंतीला टेकून बसल्या. यातल्या कित्येक जणी एमआयडीसीत पाळी करतात आणि रात्री जेवणखाण आवरल्यावर गोधड्या, बाळाची दुपटी, कापडी पिशव्या शिवतात. माल आजवर रत्नागिरीच्या बाजारात आणि मुंबईच्या पाहुण्यारावळ्यांत खपत आला. आता कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने सुचवले की आपली वेबसाइट काढू. सगळ्या तयार झाल्या, वर्गणीही निघाली. गाडी अडली ती नावावर.

कुणी म्हणाले, ‘कोकण’ हा शब्द हवाच. कुणी इंग्रजी नाव सुचवले, म्हणजे शहरातले लोक घेतील. मुलीने ‘टाका’ हे नाव काढले. गोधडीतला टाका, नाव छोटे आणि सोपे. त्यावर एक आजी म्हणाली, “अगो बाय, टाका म्हणजे काय? फेकून टाका?” सगळ्या हसल्या आणि ते नाव तिथेच बाद झाले.

मग एक नवी सून हळूच बोलली, “ताई, आपण कुठल्या वाडीतल्या, हे त्याच्यावर लिहायचं का? कळलं तर लोक घेतील?”

हसणे थांबले. खरा प्रश्न तो होता आणि तो प्रत्येकीच्या मनात होता.

भगिनींनो, या प्रश्नाला आम्ही घाईने उत्तर दिले नाही. पोटाचा प्रश्न आहे. घोषणा देऊन गोधडी विकली जात नाही. पण नावाचा विचार आपल्या समाजाने फार पूर्वीपासून केला आहे. बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांची नावेच पाहा. 1920 साली ‘मूकनायक’, 1927 साली ‘बहिष्कृत भारत’, 1930 साली ‘जनता’ आणि त्याच ‘जनता’चे 1956 साली ‘प्रबुद्ध भारत’ झाले. आधीच्या नावांनी आपली स्थिती न लपवता सांगितली, शेवटच्या नावाने कुठे पोचायचे ते सांगितले. आपल्या घरांतही तेच झाले. आजोबांच्या पिढीत दगडू, धोंडू, कचरू. धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, प्रज्ञा. नाव बदलले की माणूस आरशात स्वतःकडे वेगळ्या नजरेने बघतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

धंद्यातलेही उदाहरण आहे. महाराष्ट्रात 2015 साली गोवंश हत्याबंदीचा कायदा आला आणि धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचे काम गेले. सुधीर राजभर या कलाकाराने अशा कारागिरांना घेऊन टाकाऊ रबरापासून पिशव्या करायला सुरुवात केली आणि धंद्याला नाव दिले ‘चमार स्टुडिओ’. जो शब्द शिवी म्हणून अंगावर फेकला जात होता, तोच मालावर छापला, आणि माल देशाबाहेरही गेला. प्रत्येकाने असेच नाव द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. पण नाव लपवले तरच माल खपतो, ही भीती मात्र यातून खोटी ठरते.

उलट बाजूही पाहा. 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमधल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचे नावसुद्धा घेतले नाही. वास्तविक कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. इकडे ओरड झाली तेव्हा कंपनीने चपलेचे मूळ मान्य केले. हात आपले, घाम आपला आणि नाव कुणाचेच नाही, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. म्हणून नाव घ्यायचे आणि ते नोंदवायचे.

आता कामाचे बोलू. वेबसाइटचे नाव म्हणजे दुकानाची पाटी, पत्ता आणि कुलूप तिन्ही एकदम. त्यात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच चालते; मोकळी जागा चालत नाही. इथे आपल्या मराठीची पंचाईत होते. ‘वाकळ’ लिहायचे तर इंग्रजीत ‘ळ’ नाही. व साठी व्ही घ्यायचा की डब्ल्यू? ‘गोधडी’त धच्या पुढे ए घालायचा की नाही? एकच शब्द चार जणी चार तऱ्हेने लिहितील आणि गिऱ्हाईक भलत्याच दारात जाईल. म्हणून आम्ही एक परीक्षा सांगितली. नाव ठरवा, मुंबईच्या मावशीला फोन लावा, नाव एकदाच उच्चारा आणि म्हणा, “लिहून दाखव.” पाच जणींतल्या चौघींनी सारखे लिहिले तर नाव पास. नाव फारच आवडले आणि लिहिण्याच्या दोनच तऱ्हा असल्या, तर दोन्ही नोंदवाव्यात.

देवनागरीतही नाव घेता येते. 2014 पासून ‘.भारत’ ही सोय आहे. अभिमानाची गोष्ट आहे, पण शहरातल्या पुष्कळ गिऱ्हाइकांना मोबाईलवर मराठी लिहायची सवय नसते. तेव्हा ते नाव जोडीला ठेवावे, एकट्यावर विसंबू नये. शेवटी ‘.कॉम’ घ्यावे की ‘.इन’? ‘.कॉम’ लोकांच्या तोंडी बसले आहे. ‘.इन’ हे भारताचे. नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया त्याचा कारभार पाहते आणि 2005 पासून ते सर्वांना खुले आहे. आपले गिऱ्हाईक इथलेच असेल तर ‘.इन’मध्ये कमीपणा काही नाही.

नावात एकाच वस्तूला बांधून घेऊ नये. आज गोधडी आहे, उद्या बांबूच्या टोपल्या येतील. आणि महापुरुषांचे नाव पायपुसण्याच्या पाटीवर जाईल असेही काही करू नये. तो आदर घरात आणि वागण्यात असावा.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच घरातल्या बायकांनी कागदी पिशव्यांचा धंदा काढला. ओळखीच्या एका मुलाने वेबसाइटचे नाव नोंदवून दिले, तेही स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर. आम्ही विचारलेही नाही. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, फोन बदलला. वर्ष संपले तेव्हा नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर आली असणार. आमच्यापर्यंत काही आले नाही. नाव सुटले आणि दुसऱ्याने उचलले. हजारभर पिशव्यांवर तो पत्ता छापलेला होता. मुलाची नियत वाईट नव्हती, बेसावध आम्ही होतो. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून शेत कसण्यासारखेच ते झाले.

म्हणून चार गोष्टी लिहून ठेवा. नोंदणी गटाच्या नावावर, गटाच्या ईमेलवर करावी. मोबाईल नंबर अध्यक्षांचा असावा. पासवर्ड हिशेबाच्या वहीबरोबर कुलपात ठेवावा आणि तो किमान दोघींना माहीत असावा. नाव कायमचे विकत मिळत नाही, ते मुदतीने मिळते. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून भुलू नये, दुसऱ्या वर्षी किती लागतील ते आधी विचारावे. जमल्यास दोन-तीन वर्षांचे एकदम भरावेत. आणि वेबसाइटचे नाव मिळाले म्हणजे व्यापारचिन्ह मिळाले असे नव्हे. ती नोंदणी वेगळी. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला 2017 च्या नियमांप्रमाणे एका वर्गासाठी ऑनलाइन 4,500 रुपये शुल्क आहे आणि नोंद दहा वर्षे चालते. ते पैसे आज नसतील तर निदान तेच नाव दुसऱ्या कुणाचे नाही ना, हे त्या कार्यालयाच्या वेबसाइटवर फुकट पाहून घ्यावे. नुसते गावाचे किंवा नुसते वस्तूचे नाव तिथे सहसा नोंदले जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

राहिला त्या सुनेचा प्रश्न. त्याचे उत्तर शेवटी आजीनेच दिले. ती म्हणाली, “नाव काय ठेवायचं ते ठेवा. पण गोधडी कुणी शिवली ते खाली लिवा. जन्मभर टाके घातले, माझं नाव कधी कुठे लागलं नाय.”

तसे ठरले. पाटीवर एकच सोपे मराठी नाव, खाली मिरजोळे, रत्नागिरी आणि प्रत्येक गोधडीच्या चिठ्ठीवर शिवणारीचे पूर्ण नाव. वाडी मुद्दाम मिरवायची नाही आणि कुणी विचारले तर मान खाली घालायची नाही. सून मान डोलावून म्हणाली, “मग माझं नाव माहेरचं लावू की सासरचं?” त्यावर पुन्हा हसणे सुरू झाले.

ठरलेले नाव आम्ही इथे छापत नाही. नोंद होण्याआधी नाव गावभर करू नये. पावती हातात आली की कळवूच.

जय भीम.